सांगलीहून विमानप्रवास: अंतर आणि वेळ यांचा हिशेब कसा मांडावा

सांगलीत कोणी पहिल्यांदा विमानाने दिल्लीला निघाले, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "पुण्यातून दोन तास तर लागतात." हे वाक्य खोटे नाही. मात्र त्यावर विसंबून दिल्लीत दुपारी बाराची बैठक ठरवणारा माणूस अडचणीत येतो, कारण ते दोन तास लोहगावच्या विमानतळावरून सुरू होतात, सांगलीतल्या विश्रामबागेतल्या घरापासून नव्हे. आपल्या जिल्ह्यातून आता बरेच नवे प्रवासी विमानाकडे वळत आहेत. खानापूर, आटपाडी, विटा, तासगाव या भागांतील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे लोक, वर्षानुवर्षे रेल्वेने दूरच्या राज्यांत जात होते, ते आता वेळ वाचवण्यासाठी विमानाचे तिकीट काढतात. द्राक्ष आणि बेदाण्याच्या व्यापारासाठी दुबईला जाणारे आहेत, आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांना भेटायला निघालेले आईवडीलही आहेत. दोन विमानतळांमधले अंतर कसे काढावे, त्यावरून वेळ कसा ओळखावा आणि तो आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा आणून जोडावा, हे त्यांच्यासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा. "किती वेळ लागतो" या एका प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे असतात. विमानाची चाके जमीन सोडतात तेव्हापासून ती पुन्हा जमिनीला टेकतात तोपर्यंतचा वेळ हा प्रत्यक्ष हवेतला वेळ असतो. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जाऊन जागेवर थांबते तोपर्यंतचा वेळ हा तिकिटावर छापलेला वेळ असतो, आणि तो हवेतल्या वेळेपेक्षा सहज वीस ते तीस मिनिटांनी जास्त भरतो, कारण विमानाचे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे आणि उतरल्यावर परत जागेवर येणे हे सारे त्यात धरलेले असते. तिसरा वेळ घरापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा आहे. सांगलीकराच्या दृष्टीने खरा वेळ हाच, आणि तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

पहिली पायरी: विमानतळ ठरवणे

सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे आणि सातारा जिल्ह्यात कराडलाही आहे, पण या दोन्ही ठिकाणांहून नियमित प्रवासी विमाने सुटत नाहीत. त्यामुळे आपल्याला सर्वांत जवळचा विमानतळ म्हणजे कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील छत्रपती राजाराम महाराज विमानतळ होय. तो १९३९ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये तेथे नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले या रस्त्याने तो सांगलीपासून सुमारे पन्नास किलोमीटर पडतो, आणि वाहतूक पाहता सव्वा ते दीड तास धरावा. त्यानंतर बेळगावचा सांबरा विमानतळ येतो, त्याला सुमारे तीन तास हाताशी ठेवावेत. पुण्याचा लोहगाव विमानतळ सांगलीपासून अंदाजे २४० किलोमीटर आहे. आष्टामार्गे पेठ नाक्यावर महामार्ग गाठायचा, मग कराड, सातारा, खंबाटकी, शिरवळ असे करत कात्रजला पोहोचायचे आणि पुढे संपूर्ण पुणे शहर ओलांडून शहराच्या ईशान्य टोकाला जायचे. या शेवटच्या टप्प्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. कात्रज ते लोहगाव हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते, पण सकाळी नऊच्या सुमारास ते कापायला तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो, म्हणून पुण्यासाठी एकूण पाच तास धरणे शहाणपणाचे आहे. मुंबईसाठी सात ते आठ तास लागतात.

जवळचा विमानतळ तोच योग्य विमानतळ, असे मात्र गृहीत धरू नये. कोल्हापुरातून ठरावीक शहरांनाच थेट विमाने असतात, त्यांचे वार आणि वेळा हंगामानुसार बदलतात, आणि पावसाळ्यात दृश्यमानता कमी झाली तर त्यांना उशीर होतो. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या आठवड्याचे वेळापत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

विमानतळ ठरला, की त्याचे सांकेतिक नाव टिपून ठेवावे, कारण अंतर शोधताना शहराच्या नावापेक्षा हे नाव अधिक विश्वासार्ह ठरते. प्रत्येक विमानतळाला प्रवाशांसाठी तीन अक्षरांचे नाव असते. पुण्याचे पीएनक्यू, मुंबईचे बीओएम, कोल्हापूरचे केएलएच, बेळगावचे आयएक्सजी आणि दिल्लीचे डीईएल. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष वापरतात ते नाव चार अक्षरांचे असते. पश्चिम भारतातील विमानतळांची अशी नावे व्हीए या अक्षरांनी सुरू होतात, म्हणून मुंबई व्हीएबीबी आणि पुणे व्हीएपीओ. गोव्याच्या बाबतीत ही अक्षरे विशेष काळजीने पाहावीत. दाबोळीचे नाव जीओआय आणि मोपाचे जीओएक्स असे आहे, आणि हे दोन विमानतळ गोव्याच्या दोन वेगवेगळ्या भागांत आहेत. केवळ "गोवा" एवढे वाचून तिकीट काढणारा माणूस परतीच्या वेळी चुकीच्या विमानतळावर जाऊन उभा राहू शकतो. लंडनसारख्या शहरालाही हीथ्रो आणि गॅटविक असे एकाहून अधिक विमानतळ आहेत.

दुसरी पायरी: अंतर काढणे

विमानांचे अंतर रस्त्याच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. पृथ्वी गोल आहे आणि भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, म्हणून नकाशावरची सरळ रेघ हा नेहमीच सर्वांत जवळचा मार्ग नसतो. हे समजण्यासाठी शाळेतला पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरेसा आहे. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो ताणला, की तो अरबस्तान आणि आफ्रिकेवरून पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे सरकतो आणि रशिया, फिनलंड यांच्यावरून आइसलंडजवळून उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. हा ताणलेला दोरा म्हणजे गोलावरचे किमान अंतर होय, आणि मुंबई ते न्यूयॉर्कसाठी ते सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. आमच्या घरी पुतण्याच्या अभ्यासाच्या टेबलावरचा गोल घेऊन मी हा प्रयोग अनेकांना करून दाखवला आहे. दोरा आपोआप वर सरकताना एकदा डोळ्यांनी पाहिला, की विमान "उगाच उत्तरेकडून फिरून का जाते" हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही.

इंटरनेटवर दोन सांकेतिक नावे टाकली, की हे अंतर क्षणात मिळते. तरीही एकदा ते हाताने काढून पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण मग पडद्यावर दिसणारा आकडा बरोबर आहे की नाही, हे आपले आपल्याला ताडता येते. भारतातल्या भारतात पुरेशी अचूक ठरणारी एक सोपी रीत आहे आणि तिला दहावीचे गणित पुरते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे लक्षात ठेवावे. पुण्याचा विमानतळ १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर दिल्लीचा २८.५६ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्वेला आहे. अक्षांशांतला फरक ९.९८ अंश येतो, त्याला १११ ने गुणले की दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,१०८ किलोमीटर मिळते. रेखांशांतला फरक ३.१८ अंश आहे. मात्र रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे येथे १११ ने गुणल्यावर दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइननेही गुणावे लागते. मधला अक्षांश सुमारे २३.६ अंश आणि त्याचा कोसाइन ०.९२ आहे, म्हणून पूर्वपश्चिम अंतर सुमारे ३२५ किलोमीटर येते. आता पायथागोरसच्या सिद्धांताने या दोन बाजूंचा कर्ण काढला, की उत्तर सुमारे १,१५५ किलोमीटर येते. याच रीतीने मुंबई ते दिल्ली सुमारे १,१३७, कोल्हापूर ते मुंबई सुमारे ३०९, कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे ४४५ आणि पुणे ते बंगळूर सुमारे ७२३ किलोमीटर निघते. दूरच्या परदेशी शहरांसाठी मात्र ही रीत वापरू नये, कारण तेथे पृथ्वीचा गोलावा इतका असतो की पायथागोरस पुरत नाही.

आकडा वाचताना एकक पाहण्याची सवय लावावी. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि एक नॉट म्हणजे ताशी तेवढेच किलोमीटर. पुणे ते दिल्ली हे अंतर एखाद्या ठिकाणी ६२४ असे लिहिलेले दिसले, तर ते सागरी मैलांत आहे हे ओळखावे, नाहीतर वेळेचा अंदाज निम्म्यावर येतो. काही परदेशी ठिकाणी साधे मैलही वापरतात, आणि तो मैल १.६०९ किलोमीटरचा असतो.

शिवाय विमान प्रत्यक्षात उडते ते अंतर या किमान अंतरापेक्षा नेहमीच थोडे जास्त असते. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचे असल्याने विमान कधी उलट्या बाजूला उठते आणि मग वळते. ठरलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, लष्करी क्षेत्रे टाळावी लागतात, आणि उतरतानाही धावपट्टीच्या सरळ रेषेत येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ

अंतर हाती आले, की विमान कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखी जेट विमाने उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. कोल्हापूरसारख्या ठिकाणी येणारे एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते. लांब पल्ल्याची मोठी विमाने ताशी ९०० च्या आसपास असतात. चढताना आणि उतरताना हा वेग मिळत नाही, म्हणून मी स्वतः एक कामचलाऊ नियम वापरतो आणि तो बहुतेक वेळा वेळापत्रकाशी जुळतो. जेट विमानासाठी अंतराला ८०० ने भागावे आणि येणाऱ्या वेळेत ४० मिनिटे मिळवावीत. एटीआरसाठी ४५० ने भागून २५ मिनिटे मिळवावीत.

हा नियम पडताळून पाहू. पुणे ते दिल्ली १,१५५ भागिले ८०० म्हणजे सुमारे १ तास २७ मिनिटे, त्यात ४० मिळवले की २ तास ७ मिनिटे होतात, आणि वेळापत्रकातही सुमारे सव्वादोन तास दिसतात. पुणे ते बंगळूरसाठी सुमारे १ तास ३४ मिनिटे येतात. कोल्हापूर ते मुंबई एटीआरने सुमारे १ तास ६ मिनिटे, तर कोल्हापूर ते हैदराबाद सुमारे १ तास २४ मिनिटे. हे आकडे तिकिटावर छापलेल्या वेळेचे आहेत, हवेतल्या वेळेचे नाहीत.

आता या हिशेबाला वाकवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वारा. आपल्या देशाच्या उत्तर भागावरून हिवाळ्यात फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना विमानाला पाठबळ मिळते आणि परत येताना तेच वारे तोंडावर येतात, म्हणून त्याच अंतराला परतीच्या प्रवासात अधिक मिनिटे लागतात. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९२६ किलोमीटर आहे. जाताना साधारण सव्वातीन तास लागतात आणि येताना तीन तासांच्या आत-बाहेर. अंतर जास्त असूनही वेळ कमी लागू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या विमानाचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे विमान अटलांटिक महासागराऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. सुमारे १५,३०० किलोमीटरचा हा मार्ग आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता, तरी वारा पाठीशी असल्यामुळे ते सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळजवळ दोन तास वाचले.

वाऱ्याखेरीज देशांच्या सीमाही वेळ वाढवतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बहुतांशी बंद होते, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. अशा काळात जुन्या माहितीवर वेळ ठरवू नये. तिकिटावरचा ताजा वेळ पाहावा.

मुंबईला उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील सांताक्रूझ-सहार येथल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो, आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात थांबवून ठेवतात. खिडकीतून पाहिले तर हे ओळखता येते. पंख एका बाजूला कलतो, सूर्य किंवा खालचे दिवे खिडकीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकतात, मग विमान सरळ होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तसेच घडते. असा एक पूर्ण फेरा साधारण चार मिनिटांचा असतो. पाच फेरे झाले की वीस मिनिटे गेली, असे समजून पुढच्या विमानाचा किंवा गाडीचा हिशेब त्याच वेळी मनात सुधारून घ्यावा. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या आणि सकाळच्या धुक्यामुळे विमाने रखडतात, म्हणून त्या दोन महिन्यांत मी दुपारी पोहोचणारे विमान घेतो.

चौथी पायरी: घड्याळ आणि तारीख

तिकिटावरची सुटण्याची वेळ सुटण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. देशांतर्गत प्रवासात यामुळे काही बिघडत नाही, कारण सगळ्या भारतात एकच वेळ चालते. परदेशी जाताना मात्र दोन वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणे चुकीचे ठरते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून १६:३० ला निघून दुबईला १८:१५ ला पोहोचणारे विमान पावणेदोन तासांत जात नाही. त्यात दीड तास मिळवला की खरे सव्वातीन तास येतात. परतीच्या प्रवासात उलट होते. दुबईहून २२:०० ला निघून मुंबईला ०२:३० ला उतरणारे विमान साडेचार तासांचे दिसते, पण दीड तास वजा केला की ते तीन तासांचे असते, आणि पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेला अधिक एक हा आकडा "दुसऱ्या दिवशी" असे सांगत असतो.

लंडनचा फरक वर्षातून दोनदा बदलतो. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा राहतो. हिवाळ्यात काट्यांचे मनगटी घड्याळ उलटे धरले, की लंडनची वेळ अंदाजाने वाचता येते. ही युक्ती मुलाला फोन करण्यापूर्वी आईवडिलांना फार उपयोगी पडते.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण त्यात आमच्याच घरी मोठे नुकसान झाले आहे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या थोरल्या बंधूंच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० ही वेळ होती. आम्ही सगळ्यांनी ती "पंधराची रात्र" अशी वाचली, पंधराला सकाळी सांगलीहून निघालो आणि संध्याकाळी विमानतळाच्या दारात पोहोचलो, तेव्हा त्यांचे विमान जाऊन सतरा-अठरा तास झाले होते. तिकीट बुडाले, नवे दुप्पट दराने घ्यावे लागले, आणि ज्या लग्नासाठी ते निघाले होते त्याची हळद त्यांच्याशिवाय झाली. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे. ००:०० ते ०५:०० या दरम्यान सुटणारे विमान असेल, तर तिकीट हाती आल्याबरोबर कागदावर आदल्या दिवसाची तारीख आणि वार मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि घरातून निघण्याची वेळ त्याच्यासमोर मांडायची. १५ तारखेच्या ००:४० च्या विमानासाठी १४ ला रात्री ९:४० पर्यंत विमानतळात असायला हवे, मुंबईपर्यंतचे आठ तास मागे मोजले की दुपारी १:४० येतात, आणि वाटेतला अडथळा धरून १४ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास सांगली सोडावी लागते.

पाचवी पायरी: उलट्या बाजूने मोजणी

वरच्या उदाहरणात जे केले, तीच योग्य पद्धत आहे. घरापासून पुढे मोजत न जाता, मुक्कामाच्या ठिकाणापासून मागे मोजत यावे. देशांतर्गत विमानासाठी सामान देण्याची खिडकी साधारणपणे सुटण्याआधी एक तास बंद होते आणि विमानात जाण्याचे दार सुटण्याआधी सुमारे २५ मिनिटे बंद होते. प्रत्येक कंपनीचे नियम तिकिटावर दिलेले असतात, ते वाचून घ्यावेत. म्हणून पुण्याला दोन तास आणि कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळावर दीड तास आधी पोहोचावे. परदेशी विमानासाठी तीन तास राखावेत. दिल्लीला किंवा मुंबईला विमान बदलायचे असेल, तर कोणत्या टर्मिनलला उतरणार आणि कोणत्या टर्मिनलहून निघणार हे आधी पाहावे. मुंबईचे पहिले टर्मिनल सांताक्रूझच्या बाजूला आणि दुसरे सहारच्या बाजूला आहे, आणि एकाहून दुसऱ्याकडे जायला शहरातल्या रस्त्याने वाहनच लागते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यास दुसऱ्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी काढली, तर तो भार आपल्यावर पडतो. त्यामुळे वेगळ्या तिकिटांत मधला वेळ चार तासांपेक्षा कमी ठेवू नये, असे मी सर्वांना सांगतो.

आता सांगली ते दिल्ली हा प्रवास दोन वाटांनी मांडून पाहू, कारण नवख्या माणसाला सर्वांत जास्त चकवणारा प्रश्न हाच आहे. पहिली वाट पुण्याची. रस्ता पाच तास, विमानतळावर दोन तास, विमान २ तास १० मिनिटे, आणि दिल्लीत सामान घेऊन बाहेर पडायला ४० मिनिटे, असे एकूण ९ तास ५० मिनिटे होतात. दुसरी वाट कोल्हापूरहून मुंबईमार्गे. रस्ता दीड तास, विमानतळावर दीड तास, मुंबईपर्यंत १ तास ५ मिनिटे, मुंबईत तीन तासांची थांबणूक, पुढे दिल्लीपर्यंत सव्वादोन तास आणि बाहेर पडायला ४० मिनिटे, म्हणजे एकूण बरोबर दहा तास. हवेतले अंतर पाहिले तर पुण्याची वाट १,१५५ किलोमीटरची आणि मुंबईची सुमारे १,४४६ किलोमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटर जास्त, तरी घरापासूनच्या वेळेत फरक अवघ्या दहा मिनिटांचा पडतो.

मग निवड कशावर करावी? तरुण माणूस एकटा जात असेल आणि त्याला पोहोचण्याची वेळ पक्की हवी असेल, तर मी पुणे सुचवतो, कारण थेट विमानात मधला दुवा तुटण्याची भीती नसते आणि पुण्याहून दिल्लीला दिवसभरात बरीच विमाने असल्याने एक चुकले तरी दुसरे मिळते. गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांना घेऊन निघायचे असेल, तर कोल्हापूर बरे, कारण मोटारीतले पाच तास त्यांना जेवढे जड जातात तेवढी विमानतळावरच्या खुर्चीतली थांबणूक जड जात नाही, आणि चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागवून ठेवता येते. मधला वेळ तीन तासांऐवजी सहा तासांचा निघाला, तर मात्र कोल्हापूरची वाट सोडून द्यावी.

हा सगळा हिशेब एका कागदावर लिहून घरात ठेवावा आणि त्याची छबी सोबत मोबाइलमध्ये घ्यावी. त्यावर दोन्ही विमानतळांची सांकेतिक नावे, टर्मिनल, विमानाचा क्रमांक, तारीख आणि वार, घर सोडण्याची वेळ, विमानतळात शिरण्याची वेळ, सुटण्याची आणि पोहोचण्याची स्थानिक वेळ एवढे असले की पुरे. न्यायला येणाऱ्या नातेवाइकांना उतरण्याच्या वेळेपेक्षा बाहेर पडण्याची वेळ कळवावी, म्हणजे ते तासभर उभे राहत नाहीत.

परतीचा कागदही निघण्यापूर्वीच तयार करावा. पुण्याला रात्री १०:३० ला उतरणारे विमान स्वस्त मिळते म्हणून अनेक जण ते घेतात. पण सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत ११:१० होतात, शहर ओलांडून कात्रजला मध्यरात्र होते, आणि खंबाटकीत मालमोटारींची रांग लागलेली असली की पेठ नाका गाठेपर्यंत पहाटेचे साडेतीन होतात. चालक झोपेशी झगडत असतो तो नेमका याच वेळी. ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे राहायचे आहे, त्यांनी थोडे पैसे जास्त देऊन दिल्लीहून सकाळी निघून दुपारपर्यंत पुण्याला उतरणारे विमान घ्यावे, म्हणजे रात्रीचे जेवण सांगलीच्या घरी होते.